चाकाचा आवाज

आमच्या वसतिगृहाची जीप सर्वांच्या परिचयाची आहे. बाजारातून ज्वारीची पोती आणणे, अपरात्री तापाने फणफणलेल्या मुलास इस्पितळात पोहोचविणे, स्नेहसंमेलनाचे पडदे व पेट्या वाहणे, आणि रविवारी आसपासच्या खेड्यांत उपासनेसाठी जाणाऱ्या मंडळींस नेणे, ही तिची नेहमीची कामे होत. वयाची विशी तिने केव्हाच ओलांडली आहे. गेल्या मे महिन्यात तिच्या पुढील चाकांची दुरुस्ती करविली. दोन्ही चाकांचे ब्रेक लायनर बदलले, डाव्या चाकाची बेअरिंगे नवी घातली, ग्रीस भरले. गाडी गॅरेजातून बाहेर पडली आणि शाळेच्या फाटकाशी येईपर्यंत आमच्या ध्यानात आले की, ती एका नव्याच सुरात घुमत आहे. पुढून, पायाखालून, सारखा 'घूंऽऽ' असा आवाज. वेग वाढला की तो वाढे, वेग उतरला की उतरे.

ह्या आवाजाचे मूळ शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले, आणि त्या अवधीत आमच्या हातून एका मुलावर अन्याय झाला. तो वृत्तांत सांगणे आम्हास सुखाचे नाही. परंतु त्यावाचून हा विषय नीट उमजणार नाही.

प्रथम चाक फिरते कशावर, ते पाहू. बैलगाडीचे चाक लोखंडी आसावर नुसते घासत फिरते. आस आणि तुंबा ह्यांमध्ये वंगणाचा थर तेवढा असतो. तो वाळला की गाडी करकरू लागते आणि पाव कोसावरून कळते की कोणाची गाडी येत आहे. घासण्याच्या ऐवजी लोळण घडवावी, म्हणजे दोन पृष्ठभागांमध्ये गोळ्या किंवा रूळ घालावेत, ही कल्पना जुनी आहे. गाडीच्या आसात गोळ्या बसविण्याचे पेटंट वेल्समधील फिलिप व्हॉन ह्या लोखंडाच्या कारखानदाराने १७९४ साली घेतले होते. पण गोळीचा स्पर्श एका बिंदूपुरता, आणि गाडीच्या चाकावर भार तर दोन दिशांनी येतो: गाडीचे वजन वरून खाली दाबते, आणि वळणावर तोच भार बाजूने रेटा देतो. हे दोन्ही भार एकदम सोसावे म्हणून अमेरिकेतील सेंट लुई येथील घोडागाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांनी एका सहकाऱ्यासह १८९८ साली निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. रूळ एका टोकास जाड, दुसऱ्या टोकास बारीक. आतील कडे व बाहेरील कडेही तशीच उतरती. जुन्या जीपच्या पुढील प्रत्येक चाकाच्या हबमध्ये अशी दोन बेअरिंगे एकमेकांकडे तोंड करून बसविलेली असतात.

ही बसविण्याचे काम दिसते त्याहून नाजूक आहे. बाहेरील कडे हबमध्ये थेट तळापर्यंत ठोकून बसले पाहिजे. त्याखाली धुळीचा एक कण राहिला तरी ते तिरके होते. जुन्या कड्यात नवे रूळ घालून चालत नाही. दोन्ही एकदम बदलावी लागतात. ग्रीस तळहातावर घेऊन रुळांच्या फटींतून पलीकडे निघेपर्यंत दाबून भरावे लागते. मग चाक हाताने फिरवीत फिरवीत मधला मोठा नट आवळावयाचा, रूळ आपापल्या जागी बसले की तो सैल करावयाचा, आणि पुन्हा हलकेच अशा बेताने आणावयाचा की चाक मोकळे फिरावे, पण डगमगू नये. फार आवळला तर बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते व रूळ जळतात. फार सैल राहिला तर चाक डुलते. आमच्या काही पालकांस गॅरेजातील काम हलके वाटते. त्यांनी एकदा हा नट स्वतःच्या हाताने बेतावर आणून पाहावा.

हे सर्व आम्हास ठाऊक होते, आणि घात त्यानेच केला. बेअरिंग आवळून बसविले असता घुमते, हे पुस्तकात वाचलेले. दुरुस्तीत बेअरिंग बदललेले. आवाज दुरुस्तीनंतर आलेला. आम्ही तिन्हींची सांगड घातली व निकाल देऊन मोकळे झालो.

ते बेअरिंग बसविले होते एका पोराने. दोन वर्षांपूर्वी तो आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेला, आणि घरच्या परिस्थितीमुळे पुढे न शिकता गॅरेजात हाताखाली राहिला. आम्ही मालकास चिठ्ठी पाठविली: "डाव्या चाकाचे बेअरिंग चुकीचे आवळले गेले आहे, कृपया नवे घालून द्यावे." मालकांनी घालून दिले. आवाज तसाच राहिला. तेव्हा आम्ही दुसरी चिठ्ठी पाठविली, ती अधिक कडक शब्दांत. पुढे कळले की, दुसऱ्या बेअरिंगची किंमत त्या मुलाच्या पगारातून कापण्याचे ठरले होते, आणि महिनाअखेर त्यास घरी पाठवावे असेही बोलणे चालले होते.

येथे क्षणभर थांबून विचार करावयास हवा होता. एका बेअरिंगच्या जागी दुसरे आले, दुसऱ्यांदा ते खुद्द मालकांनी बसविले, आणि आवाजात तिळमात्र फरक नाही, ह्याचा सरळ अर्थ आवाज त्या बेअरिंगचा नाही. शिवाय काढलेले बेअरिंग कागदात गुंडाळून आमच्याकडेच पाठविले होते. ते टेबलाच्या खणात पडून राहिले. आम्ही ते उलगडूनही पाहिले नाही. बेअरिंग हा मोठा बोलका साक्षीदार असतो. फार आवळले असेल तर रुळांवर उष्णतेने निळसर झाक चढते. धूळ गेली असेल तर ओरखडे दिसतात. भार सोसून थकले असेल तर पोलादाचे बारीक टवके उडालेले असतात, आणि ग्रीस बोटांवर चोळले असता त्यात धातूची चमक दिसते. आम्ही तीन आठवड्यांनी तो कागद उलगडला, तेव्हा रूळ आरशासारखे स्वच्छ होते.

आमच्या मनात प्रथम शंका आली ती जूनमध्ये, अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना. करंजीच्या घाटाच्या अलीकडे रस्त्याचा एक तुकडा नुकताच डांबरून गुळगुळीत केलेला होता. जुन्या खरबरीत रस्त्यावरून त्या तुकड्यावर चाके चढताच 'घूंऽऽ' आवाजाची जात पालटली. तो बारीक व स्पष्ट झाला. तुकडा संपताच पुन्हा पूर्वीचा जाड सूर. वेग तोच, भार तोच. पालटला तो फक्त रस्ता. आता बेअरिंगला रस्ता कसा दिसणार? ते हबच्या पोटात बसलेले. रस्त्याला जो प्रत्यक्ष स्पर्श करतो तो टायर.

परत आल्यावर आम्ही प्रथमपासून आरंभ केला, आणि ह्या खेपेस काहीही गृहीत धरावयाचे नाही असे ठरविले. आवाज इंजिनाचा की चाकांचा, हे आधी पाहिले. मोकळ्या व सपाट रस्त्यावर गाडी ताशी ४० किलोमीटरवर असता चालकाने गिअर क्षणभर मोकळा केला. इंजिन मंद झाले, आवाज मात्र जसाच्या तसा राहिला. (ही परीक्षा उतारावर किंवा घाटात कोणीही करू नये.) नंतर वळणाची परीक्षा. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळते तेव्हा डाव्या चाकांवर. बेअरिंग खराब असेल तर भार आला की ते अधिक ओरडते व भार हलका झाला की बहुधा निवते. आमची जीप मोकळ्या मैदानावर हलकेच नागमोडी चालविली. आवाजात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मग ती उभी करून मागील चाकांना पुढून-मागून दगड लावले, पुढील आस जॅकने उचलून त्याखाली भक्कम ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. चाकाचा माथा व पायथा दोन हातांनी धरून आतबाहेर हलवून पाहिला. किंचित हालचाल लागली! आम्हास वाटले, सापडले. पण चालकाने ब्रेक दाबून धरला तरी ती हालचाल उरलीच. ह्यातील खुबी अशी की, ब्रेक दाबला म्हणजे ड्रम व लायनर एकमेकांस घट्ट धरतात आणि बेअरिंगमधील मोकळेपणा हातास लागेनासा होतो; तरीही चाक हलत असेल तर झीज बेअरिंगची नसून किंगपिनची, म्हणजे ज्या उभ्या खिळ्यावर चाक डावे-उजवे वळते त्याची असते. वीस वर्षांच्या गाडीत तेवढी झीज असावयाचीच. ती आम्ही टिपून ठेवली. चाक हाताने जोरात फिरवून दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवला. खराब बेअरिंगची खरखर कानास ऐकू येण्यापूर्वी लोखंडातून बोटांस जाणवते. बोटांस काहीच जाणवले नाही. उजव्या चाकासही हेच सर्व केले. दहा-बारा किलोमीटर चालवून आल्यावर चारही हबांजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहिली; एखादे बेअरिंग फार आवळले असेल किंवा ब्रेक चिकटत असेल तर तेवढाच हब इतरांहून अधिक तापतो. चारही सारखेच कोमट होते.

सर्वच चाकांचे आवाज असे घुमणारे नसतात, हेही येथे सांगून टाकावे. ब्रेकमागील पत्रा दुरुस्तीत वाकून ड्रमला लागला तर प्रत्येक फेऱ्यास एकदा 'खर्र' होते. टायरच्या खाचेत अडकलेला खडा किंवा रुतलेला खिळा टकटक करतो. सर्वांत भयंकर आवाज चाकाच्या सैल नटांचा. संथ चालताना तो 'कड-कड' असा येतो, आणि तो ऐकूनही पुढे जाणाऱ्याचे चाक निखळल्याशिवाय राहत नाही. चाक एकदा काढून बसविले की सुमारे शंभर किलोमीटरनंतर त्याचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. आम्ही पाना लावला तेव्हा उजव्या चाकाचे दोन नट पाव-पाव फेरा फिरले. त्याचा आमच्या आवाजाशी संबंध नव्हता, पण त्या रात्री आम्हास नीट झोप लागली नाही. कारण आदल्याच आठवड्यात ह्याच गाडीतून वसतिगृहाची सहा मुले डॉक्टरांकडे गेली होती.

राहता राहिले टायर. डोळ्यांस ते चांगले दिसत होते. नक्षी पुरेशी खोल होती. आम्ही पुढील डाव्या टायरवरून तळहात फिरविला. एका दिशेने तो सुळकन गेला. उलट दिशेने फिरविताच करवतीच्या दात्यांवरून जावा तसा अडखळू लागला. खडूने खुणा केल्या तेव्हा टायरच्या घेरावर ठराविक अंतराने एक उंचवटा, एक खळगा, अशा चौदा उथळ वाट्या पडलेल्या आढळल्या. उजव्या टायरची तीच गत.

आता गणिताकडे वळू; हे उदाहरण नववीच्या मुलांनी स्वतः करून पाहावे. चाकाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, म्हणून परीघ सुमारे २.२ मीटर. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे ११ मीटर. म्हणून चाक सेकंदास ५ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात चौदा वाट्या रस्त्यावर आपटतात, तेव्हा सेकंदास ७० ठोके झाले. ठोके सेकंदास विसाच्या आत असले तर कान ते सुटे सुटे ओळखतो. त्यापलीकडे ते एकमेकांत मिसळून सूर होतो. आमचा 'घूंऽऽ' तो हाच. ताशी १० किलोमीटरला हिशेबाने सेकंदास सतरा-अठरा ठोके यावयास हवेत. आम्ही त्या वेगाने गाडी चालवून पायाचा तळवा जमिनीच्या पत्र्यावर टेकवला, आणि सूर विरून जाऊन पायास बारीक धडधड लागली.

पण मग प्रश्न असा की, दुरुस्तीला जाताना हे टायर मुके होते आणि येताना बोलू लागले, हे कसे? बिलात टायरचा उल्लेख नाही. चालकास काही माहीत नाही. ज्यास माहीत होते त्यास आम्ही तीन आठवडे एक अक्षर विचारले नव्हते.

आम्ही गॅरेजात गेलो. तो एका ट्रकखालून बाहेर आला, हात पुसले, आणि नजर जमिनीकडे लावून उभा राहिला. आम्ही विचारले, "बाळ, त्या दिवशी चाके काढलीस, तेव्हा बेअरिंग आणि लायनर सोडून आणखी कशास हात लावला होतास?" तो थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "सर, पुढचे टायर गुळगुळीत झाले होते. मागच्यांची नक्षी चांगली दिसली. पावसाळा तोंडावर आला होता, पुढं धरून राहावी गाडी, म्हणून मागचे पुढं घातले. त्याचे पैसे लावले नाहीत, म्हणून बिलात आलं नाही."

तर असा तो उलगडा होता. आवाज दुरुस्तीने जन्मास आला नव्हता. तो फक्त मागून पुढे आला होता. मागील चाकांत तो कित्येक महिने असला पाहिजे. परंतु तेथे पोती, डबे, ताडपत्री व मुलांचा कलकलाट ह्यांत तो कोणास ऐकू येणार? पुढे चालकाच्या पायाशी येताच तो प्रकट झाला. मुलाचा हेतू चांगला होता. फक्त गुळगुळीत टायर मागे घालून ठेवणेही धोक्याचेच, आणि त्याने ते कोणास तरी सांगावयास हवे होते, एवढे आम्ही त्यास सांगितले. तेही आम्ही जरा चाचरतच सांगितले. कारण ऐकून घेण्याची पाळी त्या दिवशी आमची होती.

त्यानेच मग पुढचे पाऊल टाकले. मागील टायरवर अशा वाट्या उगाच पडत नाहीत, असे म्हणून तो आमच्या जीपखाली शिरला आणि मागील दोन्ही शॉक-अॅब्सॉर्बर दाखविले. खड्ड्यातून चाक उसळले की स्प्रिंग पुन्हा पुन्हा नाचू लागते. तो नाच आवरून धरणारा हा तेलाने भरलेला दांडा. दोन्ही दांडे तेल गळून ओशट झाले होते व त्यांवर धुळीचे पुट चढले होते. आवरणारे कोणी नाही, म्हणून चाक रस्त्यावर सारखे थयथय करी आणि ज्या ज्या ठिकाणी आपटे त्या त्या ठिकाणी रबर झिजे. म्हणजे मूळ दोष ना पुढचा, ना बेअरिंगचा. तो गाडीच्या दुसऱ्याच टोकास होता, आणि बेअरिंगे शंभर वेळा बदलली असती तरी तो तेथेच राहिला असता.

खात्री करणे सोपे होते. त्याने टायर पूर्वीच्या जागी घातले. आम्ही पुढे बसून गाडी चालवून पाहिली. पायाखाली शांत, आणि मागील बाकावरून तोच घुमणारा सूर.

मालकांस आम्ही तिसरी चिठ्ठी लिहिली, आणि ती पाठविली नाही. स्वतः घेऊन गेलो व त्या मुलाच्या समोर वाचून दाखविली. पहिल्या दोन चिठ्ठ्यांतील मजकूर चुकीचा होता, दोष मुलाचा नव्हता, आणि दुसऱ्या बेअरिंगची किंमत शाळेच्या गाडीखर्चातून नव्हे, तर आम्ही स्वतः देऊ, असे त्यात होते. मालक सज्जन; त्यांनी कापलेली रक्कम त्याच वेळी परत दिली. मुलगा काही बोलला नाही. फक्त आम्ही निघताना धावत येऊन म्हणाला, "सर, नट शंभर किलोमीटरनंतर परत आवळायचेत. विसरू नका."

नवे शॉक-अॅब्सॉर्बर त्याच आठवड्यात बसविले. टायरसाठी मात्र पैसे जमेपर्यंत ऑगस्ट उजाडला. तोवर पावसात जीप बाहेर काढली नाही, आणि एरवीही गरजेपुरतीच, हळू चालविली. मागील बाकावरील मुलांनी तेवढ्यात त्या घुमण्यावर पैजा लावण्यास आरंभ केला होता: सूर ऐकून वेग सांगावयाचा, आणि चालकाने काटा पाहून निकाल द्यावयाचा. सातवीतील एक मुलगी तर पाच किलोमीटरच्या आत बरोबर सांगू लागली होती. नवे टायर आले तेव्हा तिला वाईट वाटले.